डिस्नेवर्ल्ड, दोघंच: जेवायच्या जागा ठरवताना

डिस्नेवर्ल्डला आम्ही दोघंच जाणार म्हटल्यावर इथल्या, म्हणजे न्यू जर्सीतल्या, बहुतेक मित्रमंडळींनी एकच विचारलं, "मुलं बरोबर नसताना तिथे काय करणार?" आम्हाला मूल नाही आणि ती जागा आम्हा दोघांनाही मनापासून आवडते, त्यामुळे काय करायचं याची चिंता नव्हती. चिंता होती जेवणाची. मी शाकाहारी. नवरा देवगडचा, कुठल्याही हॉटेलात गेला की मेनूत आधी मासे शोधणारा. दिवसभर पायपीट झाल्यावर समोरासमोर बसून निवांत जेवायचं, आणि दोघांच्याही पानात मनासारखं काहीतरी असावं, एवढीच अपेक्षा होती.

ज्यांनी ही जागा पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. फ्लोरिडातल्या ऑर्लँडोजवळ १९७१ साली मॅजिक किंगडम सुरू झालं. मग १९८२ साली एपकॉट, १९८९ साली आज ज्याला हॉलिवूड स्टुडिओज म्हणतात ते, आणि १९९८ साली ॲनिमल किंगडम. असे चार पार्क, त्यांच्याभोवती डिस्नेचीच पंचवीसहून जास्त हॉटेलं, आणि शिवाय डिस्ने स्प्रिंग्ज नावाचा दुकानांचा आणि खाण्यापिण्याचा मोठा परिसर. खायच्या जागा इतक्या की नुसती नावं वाचतानाच दमायला होतं. त्यातून ज्यांची सर्वात जास्त चर्चा होते त्या जागा लहान मुलांच्या घरांना सोयीच्या: मिकी-मिनी टेबलापाशी येऊन फोटो काढून देतात, मोठा बुफे असतो, माणशी ठरलेले पैसे. पाच वर्षांच्या पोरासाठी तो दिवसाचा सोहळाच असतो. आम्हाला मात्र तेवढ्या पैशात दुसरं काही हवं होतं.

सुरुवातीला मी सगळ्यांसारखीच नावांची यादी केली. कुठलं 'बेस्ट', कुठल्याचे फोटो छान. आठवडाभर ती यादी वाढतच गेली. नवऱ्याने एका रात्री डिस्नेचं ॲप उघडून दोघांचं टेबल वेगवेगळ्या वेळांना शोधून बघितलं आणि मला हाक मारली. एकाच रेस्टॉरंटमध्ये संध्याकाळी सहाला काही नव्हतं आणि रात्री पावणेनऊला टेबल होतं. दुसऱ्या ठिकाणी पाहिलं, तिथेही तेच. अमेरिकन घरांत मुलांची जेवणं पाच ते सातच्या दरम्यान होतात, पार्कमध्ये तर त्याहून लवकर, कारण आठपर्यंत निम्मी पोरं बाबागाडीत झोपलेली असतात. आणि आपण? साडेआठच्या आधी आमच्या घरी कुकर लागत नाही. जी वेळ बाकीच्यांना गैरसोयीची, ती आमची रोजची जेवायची वेळ.

तिथून यादीच बदलली. आधी घड्याळ, मग जागा. प्रत्येक नावापुढे एवढंच लिहायचं: इथे कुठल्या वेळी बसलं तर सर्वात छान? त्या वेळी खिडकीबाहेर काय दिसेल? आणि जेवून झाल्यावर खोलीवर जायचं कसं?

तिसरा प्रश्न किरकोळ वाटतो, पण नाही. डिस्नेच्या एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात जायला बऱ्याचदा थेट बस नसते, मध्ये कुठल्यातरी पार्कला किंवा डिस्ने स्प्रिंग्जला बदलावी लागते. पोटभर जेवल्यावर रात्री दहाला दोन बसची वाट बघण्यात सगळी मजा जाते. म्हणून आम्ही राहायचं हॉटेलच स्कायलायनरच्या वाटेवरचं निवडलं. स्कायलायनर म्हणजे २०१९ साली सुरू झालेला रोपवे. तो एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज हे दोन पार्क मधल्या काही हॉटेलांना जोडतो. विजा चमकायला लागल्या की तो थांबवतात, तेवढं लक्षात ठेवायचं. दुसरी एक गोष्ट पुष्कळ जणांना माहीत नसते: हॉटेलांमधल्या रेस्टॉरंटांत जेवायला पार्कचं तिकीट लागत नाही. आणि मोठ्यांना निवांत बसता येईल अशा चांगल्या जागा बऱ्याचशा हॉटेलांतच आहेत.

बुकिंगचं गणित असं. टेबलं साठ दिवस आधी खुली होतात, ॲपवर सकाळी सहाला. जे डिस्नेच्या हॉटेलात उतरणार असतात त्यांना मुक्काम सुरू व्हायच्या साठ दिवस आधी पुढच्या दहा दिवसांपर्यंतची सगळी टेबलं एकदम घेता येतात. म्हणजे मुक्कामाच्या चौथ्या-पाचव्या दिवसाचं टेबल तुम्ही बाहेरच्या लोकांच्या तीन-चार दिवस आधीच घेत असता. तेव्हा जे मिळायला कठीण, ते शेवटच्या दिवसांत ठेवावं आणि त्या सकाळी आधी तेच घ्यावं. आम्ही चहा टाकून सहाला बसलो, क्रेडिट कार्ड शेजारी ठेवून. टेबल घेऊन गेलाच नाहीत तर बऱ्याच ठिकाणी माणशी दहा डॉलर कापतात, पण बहुतेक जागी दोन तास आधीपर्यंत रद्द करता येतं. ठरीव मेनूच्या महागड्या ठिकाणी नियम कडक, ते त्या त्या ठिकाणचे वाचून घ्यावेत.

गेलो जानेवारीअखेर. शाळेच्या सुट्ट्यांशी बांधलेले नसल्याचा हा मोठा फायदा. नाताळची गर्दी ओसरलेली, हवा सुखाची, आणि एपकॉटमध्ये तेव्हा कलांचा महोत्सव चालू असतो. त्याविषयी पुढे.

शाकाहाराबद्दल आधी थोडं, कारण मला सर्वात जास्त धाकधूक त्याचीच होती. २०१९ पासून डिस्नेवर्ल्डच्या मेनूंवर वनस्पतिजन्य पदार्थांपुढे छोटं पान छापलेलं असतं. ते पान दिसलं की दूध, अंडं, मध काहीच नाही. आपल्याला दूध-दही चालतं, त्यामुळे पानाशिवायचेही बरेच पदार्थ चालतात, पण तिथे विचारावं लागतं. भात चिकनच्या पाण्यात शिजवलाय का? सॉसमध्ये मासळीचं काही आहे का? बीन्समध्ये चरबी आहे का? मी हे तीन प्रश्न पाठच केले होते. बुकिंग करतानाही आहाराबद्दल सांगता येतं. एका ठिकाणी तर खुद्द शेफ टेबलापाशी आला, मेनूवर बोट ठेवून कशात काय आहे ते सांगितलं आणि मेनूत नसलेली भाजी करून देतो म्हणाला. इतक्या आपुलकीने कुणी विचारलं की अर्धं पोट तिथेच भरतं.

सर्वात आधी पक्कं केलं ते सनाआ. ॲनिमल किंगडम लॉजच्या किदानी व्हिलेज नावाच्या भागात २००९ पासून हे रेस्टॉरंट आहे. स्वयंपाक आफ्रिकी, मसाले पुष्कळसे हिंदुस्थानी. खिडक्यांबाहेर गवताळ माळ आणि त्यावर जिराफ, झेब्रे मोकळे चरताना. इथे रात्री साडेआठला जाऊन उपयोग नाही, अंधारात बाहेर काहीच दिसत नाही. जानेवारीअखेर तिथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणून साडेचारचं टेबल घेतलं. दुपारची जेवणं उरकलेली आणि रात्रीची सुरू व्हायची, अशी ती मधली वेळ. खिडकीलगतचं टेबल मागितलं, ते मिळालं.

तिथली ब्रेड सर्व्हिस प्रसिद्ध आहे. साधा नान, लसूण-आल्याचा नान, मसाल्याचा नान, कांदा कुलचा, पनीर पराठा, आणि त्याबरोबर नऊ छोट्या वाट्या. आमच्यापुढे ते लांबट ताट आलं आणि मी आधी वाट्या मोजल्या. काकडीचं रायतं, आंब्याची चटणी, चिंचेची, कोथिंबिरीची, लसणाचं लोणचं, टोमॅटो-खजुराचा जाम, लाल मिरचीचं सांबल, हालापेन्यो मिरची-लिंबाचं लोणचं, भाजलेल्या लाल ढोबळी मिरचीचं हमस. आपल्या ताटाची डावी बाजूच कुणीतरी उचलून स्वतंत्र मांडावी तसं ते दिसत होतं. कुलचा गरम होता, कडांना थोडा करपलेला, आतला कांदा गोडसर. मिरची-लिंबाच्या लोणच्याला खरा झणका होता, पाणी प्यावं लागलं. टोमॅटो-खजुराचा जाम मी कधी खाल्ला नव्हता. पनीर पराठ्याबरोबर तो इतका जमला की घरी आल्यावर करून बघितला. नवऱ्याने माशाचं वेगळं मागवलं होतं, पण तोही निम्मा वेळ माझ्या वाट्यांतच होता. बाहेर एक जिराफ आमच्या खिडकीपासून थोड्या अंतरावर उभा राहून झाडाची पानं ओरबाडत होता. आम्ही दीड तास बसलो, कुणी बिल पुढे सरकवलं नाही. ब्रेड सर्व्हिस दोघांना पोटभर होते, वर फार काही मागवायची गरज नाही.

त्या दिवसानंतर माझी खात्री पटली की जागेइतकीच वेळही निवडायची असते.

एपकॉटमध्ये याचा दुसरा अनुभव आला. तिथल्या वर्ल्ड शोकेसमध्ये तळ्याभोवती अकरा देशांचे विभाग आहेत, आणि पुष्कळ विभागांत त्या त्या देशातून आलेली तरुण मुलं काम करतात. मेक्सिकोच्या विभागात बाहेरून पिरॅमिड दिसतो. त्याच्या आत गेलं की कायम संध्याकाळ: वर गडद आभाळ, खाली छोटं तळं, त्यातून प्रवाशांच्या होड्या जातात, आणि काठावर सान आंजेल इन हे रेस्टॉरंट, टेबलांवर मिणमिणते दिवे. इथे भर दुपारी जावं. बाहेर दोनचं ऊन, आत दिवेलागण. दुपारी दोघांनी मेणबत्तीच्या उजेडात जेवायची चैन दुसरीकडे कुठे मिळणार? डोळे सरावेपर्यंत मेनू वाचायला फोनचा उजेड लागला. माझे तीन प्रश्न विचारून झाले, आणि वाढणाऱ्या मुलीने एकेकाचं उत्तर आत जाऊन विचारून आणलं.

कलांच्या महोत्सवात वर्ल्ड शोकेसभर छोटे छोटे स्टॉल लागतात, आणि पदार्थ चित्रासारखे सजवून देतात. बश्या लहान, चार घासांच्या. मुलं बरोबर असली की प्रत्येकाला वेगळं आणि लगेच हवं असतं. दोघांना एक बशी पुरते, उभ्याने खायची, पुढे चालायचं. तळ्याभोवतीची चक्कर जवळपास दोन किलोमीटरची आहे. एक दुपार आम्ही कुठेच बसलो नाही. नवऱ्याने इंग्लंडच्या विभागातल्या खिडकीवरून फिश अँड चिप्स घेतले, मी फ्रान्सच्या विभागात मागच्या गल्लीत जाऊन क्रेप. तिथल्या खाऱ्या क्रेपना गालेत म्हणतात, त्या कुट्टूच्या पिठाच्या असतात आणि चवीला आपल्या घावनाच्या गावच्या वाटतात. इटलीच्या विभागातलं व्हिया नापोलीही मला आवडलं. लाकडावर चालणाऱ्या तीन भट्ट्या आहेत, त्यांना एटना, व्हेसुव्हियो आणि स्ट्रॉम्बोली या ज्वालामुखींची नावं दिलीत. शाकाहारी माणसाने डोळे मिटून जावं अशी जागा, फक्त आवाज भरपूर. बोलत बसायचं असेल तर तिथे नको.

हॉलिवूड स्टुडिओजमधलं साय-फाय डाइन-इन आम्ही विचारपूर्वक गाळलं. जुन्या मोटारींच्या आकाराच्या टेबलांवर बसून पडद्यावरचे सिनेमांचे तुकडे बघत जेवायचं अशी कल्पना आहे, आणि ती गमतीची आहे. पण सगळे पडद्याकडे तोंड करून बसतात. मला जेवताना नवऱ्याचा चेहरा दिसायला हवा.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट्सवर आमची बराच वेळ चर्चा झाली. ग्रँड फ्लोरिडियन हॉटेलातलं हे रेस्टॉरंट डिस्नेवर्ल्डमधलं सर्वात मानाचं. २०२४ साली त्याला मिशेलिनचा तारा, म्हणजे उत्तम रेस्टॉरंटांना मिळणारा नावाजलेला मान, मिळाला. दहा वर्षांखालच्या मुलांना तिथे प्रवेश नाही, त्यामुळे जोडप्यांना सगळे तेच सुचवतात. २०२२ साली ते पुन्हा उघडलं तेव्हा मुख्य दालनातल्या जेवणाचा दर माणशी २९५ डॉलर होता, वर कर आणि टिप. पैशांपेक्षाही मला दुसरं जाणवलं. मुलं नसलेली जागा हवी, अशी आमची मागणी कधीच नव्हती. शेजारच्या टेबलावरचं पोर चमचा आपटत हसत असेल तर मला ते छानच वाटतं. आम्हाला आमची वेळ हवी होती, आणि ती इतर ठिकाणी मिळत होती. ते जेवण आम्ही लग्नाच्या एखाद्या मोठ्या वाढदिवसासाठी राखून ठेवलंय.

मॅजिक किंगडमच्या आत आम्ही रात्रीचं जेवलोच नाही. तो पार्क मुख्यतः मुलांचा, संध्याकाळची सगळी धांदल आतिषबाजीसाठी जागा पकडण्याची. त्याऐवजी शेजारच्या कंटेम्पररी हॉटेलात पंधराव्या मजल्यावर असलेलं कॅलिफोर्निया ग्रिल घेतलं, पार्कमधून चालतही जाता येतं. १९९५ पासूनचं हे रेस्टॉरंट. तिथे ठरीव मेनू असतो, माणशी एक दर, म्हणजे भूक नसताना जाऊ नये. आतिषबाजीच्या वेळी आतले दिवे मंद करतात आणि पार्कमधलं संगीत वर ऐकू येतं. आतिषबाजीच्याच वेळेचं टेबल मिळवायला सगळे धडपडतात, पण त्याची गरज नाही: लवकर जेवून गेलेल्यांनाही त्या दिवसाची पावती दाखवून आतिषबाजीपुरतं परत वर येता येतं. आम्ही आमच्याच उशिराच्या वेळी गेलो, आणि तिसरा पदार्थ येईपर्यंत आतिषबाजी सुरू झाली. नवऱ्याला सुशी मिळाली, मला भाज्यांचं बरंच काही. जायच्या आधी चौथ्या मजल्यावरच्या चौकात थांबून डिस्नेच्या चित्रकार मेरी ब्लेअर यांचं भित्तिचित्र जरूर बघा. सत्तावीस मीटरच्या आसपास उंच, १९७१ सालचं, हजारो फरश्यांचं. त्यात पाच पायांची एक शेळी आहे, ती शोधायला आम्हाला बराच वेळ लागला.

मुक्कामात संकष्टी आली होती. बुकिंग करायच्या आधीच मी कालनिर्णयात तारीख आणि ॲपवर ऑर्लँडोचा चंद्रोदय बघून ठेवला होता. नऊच्या आसपास होता. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे आणि फळं बरोबर घेतली. पार्कमध्ये स्वतःपुरतं खाणं नेऊ देतात, काचेची भांडी आणि सुटा बर्फ चालत नाही. खाण्याच्या काउंटरांवर पेलाभर गार पाणी फुकट देतात, ते मागत राहायचं. त्या रात्रीचं टेबल रिव्हिएरा हॉटेलच्या गच्चीवरच्या टोपोलिनोज टेरेसमध्ये घेतलं, तिथल्या शेवटच्या वेळांपैकी एक. सकाळी इथे मिकी चित्रकाराच्या आणि मिनी कवयित्रीच्या वेषात टेबलांमधून फिरतात, मुलांनी जागा गजबजलेली असते. रात्री तीच जागा वेगळी: फ्रेंच-इटालियन जेवण, शांत दालन, बाहेरच्या गच्चीवरून दूरवरची आतिषबाजी. चंद्रोदयाची वेळ झाली तशी मी हात जोडले, नवऱ्याने पावाची टोपली पुढे केली. वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, कसला सण आहे का? मी थोडक्यात सांगितलं. त्यानंतर त्या पदार्थ भराभर आणत गेल्या, दिवसभराची उपाशी आहे म्हणून. तिथून आमचं हॉटेल स्कायलायनरने अगदी जवळ.

खर्चाचा एक अंदाज असू द्यावा. तिथे बिलावर साडेसहा टक्के कर लागतो आणि वर अठरा-वीस टक्के टिप आपण द्यायची, म्हणजे मेनूतल्या शंभराचे सव्वाशे होतात. आम्ही दिवसातून एकदाच टेबलावर बसून जेवलो. दुसरं जेवण काउंटरवरचं, ॲपवर आधी ऑर्डर देऊन. ॲनिमल किंगडममधल्या सातुली कॅन्टीनमध्ये आपल्या आवडीप्रमाणे वाडगा भरून घेता येतो, भात, भाज्या, टोफू. तेवढ्यावर दुपार निघते. एक टेबल आम्ही रद्द केलं, कारण आदल्या रात्री उशीर झाला होता आणि दोघांनाही खोलीत बसून चहा आणि चिवडा हवा होता. एक टेबल आयत्या वेळी ॲपवरच्या प्रतीक्षायादीतून मिळालं. दोघांचं टेबल असं आयत्या वेळी मिळतं, सहा जणांचं मिळणं कठीण.

निघायच्या दिवशी दुपारी डिस्ने स्प्रिंग्जला खालेओमध्ये जेवलो. स्पेनमधून आलेल्या होसे आंद्रेस या शेफचं २०१९ साली उघडलेलं रेस्टॉरंट. छोट्या बश्यांचं जेवण, त्यामुळे शाकाहारी आणि मासेखाऊ अशा जोडीला फार सोयीचं: माझ्या बाजूला तिखट बटाटे आणि टोमॅटो चोळलेला पाव, त्याच्या बाजूला लसणातली कोलंबी, मध्ये दोघांचं सॅलड. कोलंबी खाऊन झाल्यावर त्याने खालचं लसणाचं तेल पावाने पुसून घेतलं आणि देवगडच्या बाजूने बोलायचं झालं तर पास, असं सांगितलं.

पुढच्या खेपेला मुक्काम ॲनिमल किंगडम लॉजमध्येच करायचा आहे. तिथेच जिको नावाचं दुसरं रेस्टॉरंट आहे, दक्षिण आफ्रिकेच्या वाइनच्या मोठ्या यादीसाठी नावाजलेलं. दुपारी चारच्या उजेडात सनाआ, रात्री साडेआठला जिको, आणि खोलीवर जायला बस लागणार नाही. नवऱ्याने कॅलेंडरवर साठ दिवस आधीच्या सकाळी सहाचा गजर लावूनही टाकलाय.